सगळ्यांत शेवटी सोडायचा मासा

दुकानात तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा बहुधा एका छोट्या कप्प्यात एकटाच असतो. तो एकटा का ठेवलाय हे दुकानदाराला माहीत असतं, गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळतं. लांबी आपल्या बोटाएवढी. जांभळट निळं अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीकडे गेलेल्या सहा नारिंगी रेघा, हिरवट शेपूट आणि शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला डोळ्यासारखा भासणारा एक काळा ठिपका. काचेजवळ गेलं की तो दूर पळत नाही. दगडाआड सरकतो, दुसऱ्या बाजूने डोकं काढतो आणि मान तिरपी केल्यासारखा आपल्याकडे बघत राहतो. माशांना मान नसते, तरी हा मासा बघताना हाच शब्द सुचतो.

या माशाच्या कुळाला इंग्रजीत रॅस म्हणतात आणि आपल्याकडे छंदी मंडळी त्याला नुसतं ‘सिक्सलाइन’ म्हणतात. शास्त्रीय नाव स्यूडोकायलिनस हेक्झाटेनिया. त्यातल्या हेक्झाटेनियाचा अर्थ सहा फिती. १८५७ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं पीटर ब्लीकर या डच माणसाने. ब्लीकर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, लष्करी डॉक्टर होता. नोकरी सांभाळून त्याने त्या बेटांवरच्या माशांच्या इतक्या जाती नोंदवल्या की इंडोनेशियाच्या माशांवर काम करणाऱ्याला आजही त्याच्या कामापासूनच सुरुवात करावी लागते. सिक्सलाइनचा मुलूख मात्र इंडोनेशियापुरता नाही. तांबडा समुद्र, पूर्व आफ्रिकेचा किनारा, मालदीव आणि तिथून पुढे थेट पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांपर्यंत तो सापडतो. जिथे फांद्याफांद्यांचं प्रवाळ दाट वाढलंय तिथे, त्या फांद्यांच्या आत. उघड्या पाण्यात तो फारसा येत नाही. पाणबुड्यांना तो क्षणभर दिसतो आणि फांद्यांच्या जाळीत नाहीसा होतो. घरच्या टाकीत मात्र तो तासन् तास दिसतो, आणि तो काय करतो हे बघण्याची सोय समुद्रापेक्षा इथे जास्त.

तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकार करतो. प्रौढ मासासुद्धा सात-आठ सेंटिमीटरचा, फार तर दहाचा. तोंड बारीक आणि टोकदार. त्यामुळे त्याची शिकार आपल्या नजरेच्या जवळजवळ पलीकडची असते: खडकावर रांगणारे सूक्ष्म कवचधारी जीव, बारीक किडे, तांदळाच्या दाण्याहून लहान गोगलगायी. तो शेपटीने पोहत नाही, छातीजवळचे दोन पर वल्ह्यांसारखे मारतो. शेपूट राखून ठेवतो फक्त झडपेसाठी. त्यामुळे त्याला एका जागी थांबता येतं, मागे सरकता येतं, कपारीत तिरकं शिरता येतं. डोळाही याच कामासाठी घडलेला आहे. त्याच्या बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्याचे दोन भाग असतात आणि नीट पाहिलं तर एका डोळ्यात दोन बाहुल्या असल्यासारखं वाटतं. ही रचना भिंगासारखी चालते, जवळची बारीक वस्तू मोठी दिसते, असं मत्स्यतज्ज्ञांनी मांडलं आहे. आपल्याला कोरा दिसणारा दगडाचा तुकडा तो एकेक मिलिमीटर तपासत जातो. दोन इंच पुढे, थांबा, एक डोळा, मग दुसरा डोळा, टिपला, पुढचा दगड.

कोणत्याही पाळीव प्राण्याला आपण घर देतो. या माशाला रानही द्यावं लागतं. टाकीतला खडक जिवंत नसेल, त्यावर चरायला काही नसेल, तर वाटीभर चारा टाकूनही हा मासा दिवसभर रिकामा फिरतो, आणि रिकामा सिक्सलाइन शेजाऱ्यांच्या मागे लागतो. म्हणून टाकी भरल्यापासून किमान सहा महिने हा मासा आणू नये असं मी प्रत्येकाला सांगतो. पाण्यात सोडलेल्या घाणीतून तयार होणारा अमोनिया जिवाणूंनी आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलायला लागणारे चार-सहा आठवडे ही नुसती पायाभरणी झाली. खडकावर शेवाळ चढणं, त्यावर सूक्ष्म जीव वाढणं, त्यांच्या पिढ्या होणं याला त्यानंतरचा वेळ लागतो. रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल प्रकाशाची बॅटरी काचेला लावून बघा. काचेवर पांढरे ठिपके धावताना दिसले, कपारीतून केसासारखे किडे डोकावले, तर खडक तयार होतोय.

खडक कोणता, हा प्रश्न भारतात कायद्याशी येऊन भिडतो. परदेशी पुस्तकं वाचून सुरुवात करणाऱ्याच्या डोळ्यासमोर अॅक्रोपोरा प्रवाळाच्या निळ्या-जांभळ्या फांद्या असतात. पण आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून खडक बांधणारी सगळी टणक प्रवाळं आहेत, काळी प्रवाळं आहेत, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघ आणि ताटलीएवढं प्रवाळ एका रांगेत बसतात, आणि मला ते योग्य वाटतं. मालवणच्या किनाऱ्यावर, १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात, किंवा विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्राखाली असलेल्या आंग्रिया बँकेवर जे प्रवाळ आहे ते वाढायला लागलेला काळ आपल्या आयुष्यात मावत नाही. तिथून खडकाचा तुकडाही उचलू नये. सुदैवाने सिक्सलाइनला प्रवाळाच्या रंगाशी देणंघेणं नसतं, त्याला कपारी हव्या असतात. सच्छिद्र सिरॅमिकचा किंवा सिमेंट-वाळूचा, नीट मुरवलेला कृत्रिम खडक त्याला पुरतो. त्यावर समुद्री शेवाळ आणि कायद्याने मुभा असलेले मऊ जीव लावले की सहा-आठ महिन्यांत तो खडक कृत्रिम होता हे सांगावं लागतं. रचताना मात्र एक भिंत उभी करू नका. दोन-तीन वेगळे ढीग करा, प्रत्येकात आरपार जाणारी बोळं ठेवा. हा मासा बोळांतूनच राहतो.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असली तर ठीक. अशा टाकीत काठोकाठ साधारण १९० लिटर पाणी मावतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, म्हणजे या एका टाकीला साडेसहा किलो मीठ लागलं. हे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी समुद्रातली बाकीची मंडळी नसतात. मत्स्यालयासाठी मिळणारं तयार मिश्रण आरओच्या पाण्यात विरघळवावं लागतं. समुद्र जवळ असलेल्यांना थेट तिथलं पाणी आणायचा मोह होतो. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी किती, हे डोळ्यांना दिसतं. शिवाय पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा घसरतो. तो मोह टाळावा.

आपल्या हवेत खरी लढाई उष्णतेशी असते. या माशाला २४ ते २६ अंश मानवतात. मे महिन्यात बंद खोलीतल्या टाकीचं पाणी, वर दिवे आणि आत पंप असताना, सहज ३१-३२ वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला तर तो जास्त लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुण्यात किंवा नागपुरात कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत निम्मासुद्धा चालत नाही, तिथे पाणी थंड करणारा चिलर घेण्याची तयारी ठेवावी. पंखा लावला की रोजचं चार-पाच लिटर पाणी उडून जाऊ शकतं. इथे नवशिक्याच्या हातून एक चूक नेहमी होते: कमी झालेल्या पाण्याच्या जागी तो खारं पाणी ओततो. उरण-वसईकडची मिठागरं ज्याने पाहिली आहेत त्याला वेगळं सांगायला नको. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती निव्वळ आरओच्या गोड्या पाण्याची, आणि एकदम न घालता रोज थोडी. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवाच.

आता प्रकरणाच्या नावाकडे येतो. सिक्सलाइन टाकीत सगळ्यांच्या शेवटी का सोडायचा?

समुद्रात या माशाची हद्द म्हणजे प्रवाळाचं एखादं झुडूप आणि आजूबाजूची जागा. तिथे परका आला की तो हुसकावतो, परका निघून जातो, भांडण संपतं. तीन फुटांची टाकी हा मासा काही सेकंदांत आरपार करतो, तेव्हा त्याच्या हिशेबाने अख्खी टाकी हीच त्याची हद्द झाली. नंतर आलेला मासा परका ठरतो, आणि त्या परक्याला निघून जायला काचेपलीकडे वाटच नसते. त्यामुळे जे भांडण समुद्रात अर्ध्या मिनिटात मिटलं असतं ते टाकीत दिवसेंदिवस चालतं. मासा दुष्ट नसतो. त्याच्या जुन्या सवयीला आपण चुकीच्या मापाची खोली दिलेली असते.

हे मी वाचून शिकलो नाही. पहिल्या टाकीत मी सिक्सलाइन तिसरा सोडला आणि दोन महिन्यांनी फायरफिश आणला. फायरफिश हा पांढरट, लाल शेपटीचा, पाठीवर एक लांब तुरा असलेला अतिशय भित्रा मासा. सिक्सलाइनने त्याला चावलं असं एकदाही दिसलं नाही. तो फक्त त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचा, अंग ताठ करून एक बाजू दाखवायचा. फायरफिश हीटरच्या मागे जाऊन बसला आणि बाहेरच येईना. नवव्या दिवशी त्याचं पोट आत गेलेलं दिसलं. तेव्हा प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून, उलटं करून आत बसवलं, तळाशी कोळंबीचा तुकडा ठेवला आणि तो सापळा टाकीत ठेवून दिला. सिक्सलाइन बाटलीत शिरायला तीन दिवस लागले. खडक उपसून जाळीने धरायला गेलो असतो तर टाकीच उद्ध्वस्त झाली असती. तोवर फायरफिश गेला होता. त्याच्या मरणाला मीच लावलेला क्रम जबाबदार होता.

म्हणून आधी फायरफिश, गोबी, ब्लेनी, क्लाउनफिशची जोडी यांना येऊ द्या. त्यांच्या जागा ठरू द्या. महिना-दोन महिने जाऊ द्या. मग सिक्सलाइन, आणि तोही शक्यतो लहान वयाचा. त्याला दोन-तीन दिवस टाकीतच छिद्रांच्या पारदर्शक डब्यात ठेवावं. तो सगळ्यांना बघतो, सगळे त्याला बघतात, आणि दार उघडेपर्यंत पहिला ताण ओसरलेला असतो. दुसरा सिक्सलाइन, किंवा त्याच्यासारखाच बारीक अंगाचा दुसरा रॅस, या मापाच्या टाकीत नको. मँडरिन नावाचा नक्षीदार मासाही नको, कारण तो संथ आहे आणि खडकावरच्या त्याच सूक्ष्म जिवांवर जगतो. चपळ आणि संथ यांना एकाच ताटात वाढलं की कोण उपाशी राहणार हे ठरलेलंच. एवढं करूनही काही सिक्सलाइन वय वाढेल तसे तिरसट होतात. ज्याला भित्र्या माशांचीच टाकी हवी आहे त्याने पॉसम रॅस शोधावा. वेटमोरेला गटातला हा मासाही एवढाच लहान, तसाच खडक तपासत फिरणारा, पण लाजाळू आणि शांत.

दुकानात आणखी एक रॅस हमखास दिसतो, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा, स्वस्त: क्लीनर रॅस. समुद्रात मोठे मासे त्याच्यासमोर रांग लावतात आणि तो त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. २०१९ साली जपानमधल्या संशोधकांनी आरशाच्या प्रयोगात दाखवलं की स्वतःच्या गळ्याखालचा रंगाचा ठिपका आरशात पाहून तो मासा गळा वाळूवर घासतो. आपलं प्रतिबिंब ओळखण्याची ही खूण मानायची का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण घरच्या टाकीत चार-पाच माशांच्या अंगावर त्याचं पोट भरत नाही आणि बहुतेक क्लीनर रॅस थोड्या महिन्यांत उपासमारीने मरतात. तो विकत घेऊ नये, एवढंच मी ठामपणे सांगेन.

सिक्सलाइन विकत घेताना पोट बघा, आत गेलेलं नको. समोर खायला टाकायला सांगा. निरोगी सिक्सलाइन लगेच येतो. हे लक्षात ठेवलं पाहिजे की क्लाउनफिशसारखे मासे आता हॅचरीत वाढवलेले मिळतात, पण बाजारातले सिक्सलाइन बहुतेक समुद्रातून पकडलेले असतात. फांद्यांच्या आत राहणारा मासा पकडणं कष्टाचं असतं, आणि फिलिपिन्स-इंडोनेशियात अशा माशांना गुंगी आणायला सायनाइड फवारण्याची वाईट रीत अनेक दशकं चालत आली. त्याने आजूबाजूचं प्रवाळ मरतं आणि मासाही काही आठवड्यांत दगावतो. मासा कुठून आला, किती दिवस दुकानात आहे, हे विचारायला संकोच करू नका. तीन आठवडे दुकानात तगून खाणारा मासा दोनशे रुपये महाग मिळाला तरी घ्यावा.

घरी आणल्यावर तो थेट मुख्य टाकीत जात नाही. साध्या वेगळ्या टाकीत महिनाभर राहतो, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, क्रिप्टोकॅरियॉन, एकदा खडकाळ टाकीत शिरला की काढणं फार कठीण. त्यावरचं तांब्याचं औषध कोळंबी आणि प्रवाळवर्गीय जिवांना मारतं, म्हणून मुख्य टाकीत ते कधीच घालता येत नाही. वेगळ्या टाकीतही रॅसला ते मापून आणि हळूहळू वाढवत द्यावं लागतं. त्या वेगळ्या टाकीत पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे टाकून ठेवा. लपायला जागा नसेल तर हा मासा खाणं सोडतो.

खाण्याचं सोपं आहे. गोठवलेले मायसिस आणि आर्टेमिया हे बारीक कोळंबीसारखे जीव तो आवडीने खातो. कोळणीकडून मिळणारा ताजा जवळा गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, बारीक चिरून दिला तर तोही चालतो. सुका खारवलेला जवळा देऊ नये. दिवसातून दोन-तीनदा, चिमूटभर. बाकीचं तो खडकावरून मिळवतो. मोठ्या शिंपल्यांच्या कडेला चिकटून त्यांचं रक्त शोषणाऱ्या बारीक गोगलगायी आणि खडकावर पसरणारे चपटे लाल किडे खातो म्हणून त्याची ख्याती आहे, आणि अनेकजण त्याला याच कामासाठी आणतात. ती नेमणूक समजून त्याला आणू नये. काही सिक्सलाइन ते किडे साफ करतात, काही त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

आणि झाकण. सगळ्या गोष्टी जमल्या आणि हे राहिलं तर बाकीच्यांना अर्थ उरत नाही. रॅस उडी मारतात. दिवा अचानक बंद झाला, दार आपटलं, की अंधारात हा मासा वर झेपावतो, आणि पाइपसाठी ठेवलेली दोन बोटांची फटही त्याला पुरते. सकाळी तो जमिनीवर सापडतो. खिडक्यांना डासांची जाळी बसवणारा कारागीर टाकीच्या मापाची अॅल्युमिनियमची चौकट करून देतो. तिच्यात दाट जाळीऐवजी सहा मिलिमीटरच्या भोकांची पारदर्शक नायलॉनची जाळी बसवून घ्या, म्हणजे प्रकाशही अडत नाही आणि हवाही खेळते. कोपरे स्वतः हाताने चाचपून बघा. दिवे एकदम विझण्याऐवजी अर्ध्या तासात मंदावत जातील असे लावा.

त्या अर्ध्या तासात टाकीसमोर बसावं असं मला वाटतं. प्रकाश निळा होत जातो तसा सिक्सलाइनच्या फेऱ्या आखूड होतात. शेवटी तो रोजच्याच एका कपारीत शिरतो, कूस बदलल्यासारखा आडवा टेकतो आणि अंगाभोवती पातळ, पारदर्शक श्लेष्माची पिशवी विणतो. त्याच पिशवीत तो रात्र काढतो. याच कुळाचे नातलग असलेले काही पोपटमासेही असंच करतात. ही पिशवी कशासाठी, याचं एक उत्तर २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रा ग्रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोपटमाशांवर प्रयोग करून दिलं. रात्री समुद्रात माशांचं रक्त शोषणारे बारीक कवचधारी परजीवी फिरतात. पिशवी काढून टाकलेल्या माशांपैकी सुमारे ९४ टक्क्यांना त्यांनी चावलं. पिशवीतल्या माशांपैकी फक्त १० टक्क्यांना. संशोधकांनी तिला समुद्रातली मच्छरदाणी म्हटलं. डासांच्या देशात वाढलेल्या आपल्याला ही उपमा लगेच पटते. रात्री बॅटरी मारून, दगड हलवून त्याला उठवू नये. पिशवी फाटली तर उरलेली रात्र तो तिच्याविना काढतो.

सकाळी दिवा लागण्याआधी, खिडकीतून पुरेसा उजेड आला की तो निघतो. रिकामी पिशवी कपारीच्या तोंडाशी थोडा वेळ अडकून हलत राहते, तिच्यावर वाळूचे दोन-चार कण चिकटलेले असतात. मग पंपाच्या प्रवाहात ती सुटते, टाकीभर एक चक्कर मारते आणि गाळणीकडे ओढली जाते. तोवर सिक्सलाइन तिसऱ्या दगडापर्यंत पोहोचलेला असतो. एक डोळा, मग दुसरा.